भिंतीआडची सुहैला

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. चिंचवडला शेजारणीने विचारलं की त्या म्हणायच्या, "मुलगा बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असतो आणि सूनबाई लग्नात असते." ऐकणारीला वाटायचं, सूनबाई तिकडे जाऊन नुसती लोकांच्या पंक्ती उठवते आणि मुलगा बिचारा एकटा राबतो. सासूबाई ते खोडून काढायच्या नाहीत. खोडून काढायचं तर पुढचं सांगावं लागलं असतं, की सूनबाई हॉलंडमध्ये मोरोक्कन बायकांच्या समारंभांत एका अरबी गायिकेचा माइक सांभाळते. त्यापेक्षा लग्नात असते, हेच बरं.

मूळची मी साउंड रेकॉर्डिस्ट. पुण्यात एका तळघरातल्या स्टुडिओत जाहिराती, बालगीतं आणि हौशी गायकांच्या कॅसेट रेकॉर्ड करत होते. मग अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एका बँकेत काम मिळालं आणि आम्ही शहराला लागून असलेल्या डीमनला राहायला गेलो. दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आमच्या इमारतीत मराठी मंडळी बरीच. नवरे सकाळी एकाच मेट्रोने जायचे आणि बायका एकमेकींना कढीपत्ता कुठे मिळतो ते सांगायच्या. मला कढीपत्ता लवकर सापडला, आणि मग पुढे काय करायचं हा प्रश्न उरला.

घरापासून थोड्या अंतरावर साउंड सिस्टिम भाड्याने देणाऱ्या हेंक नावाच्या डच माणसाचं गोदाम होतं. सायकलवरून जाता-येता उघड्या दारातून स्पीकर आणि केबलची भेंडोळी दिसायची, आणि माहेरचं माणूस दिसावं तसं मला व्हायचं. एक दिवस शिरले आत. मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं की मला हे काम येतं. हेंकने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू बाई आहेस," तो म्हणाला.

"हो, जन्मापासून," मी म्हणाले.

मला वाटलं, आता हा दार दाखवणार. तर त्याने खुर्ची पुढे केली आणि कॉफीसोबत बिस्किटांचा अख्खा डबा समोर ठेवला. डच माणूस एकाहून जास्त बिस्किटं पुढे करतो तेव्हा त्याचं काहीतरी फार मोठं अडलेलं असतं, हे मला नंतर कळलं.

त्याचं अडलं होतं ते असं. मोरोक्कन लग्नाआधी मेंदीची संध्याकाळ असते आणि ती फक्त बायकांची. पुरुष आत नाही म्हणजे नाही; वाढपी बायका, वादक बायका. आत डोक्यावरचे रुमाल उतरतात, भरजरी कफ्तान मिरवले जातात आणि सासवा-सुनांसकट सगळ्या मनसोक्त नाचतात. आणि हेंककडचे सगळे तंत्रज्ञ दाढीवाले. ते माइक लावून बाहेर जायचे आणि आत कुणीतरी मावशी अंदाजाने बटणं फिरवायची. दर आठवड्याला हेंकचा एक तरी स्पीकर फुटायचा. त्यामुळे माझी मुलाखत तिथेच संपली, आणि त्याच शनिवारी मी रॉटरडॅमला गेले.

फर्निचरच्या दुकानामागचा एक हॉल. दारात एक धिप्पाड बाई टोपली घेऊन बसलेली. प्रत्येकीने आपला मोबाईल आणि कॅमेरा त्या टोपलीत टाकायचा. उघड्या केसांचा फोटो बाहेर जायला नको म्हणून हा नियम, आणि तो यजमानीण बाईलाही चुकत नसे. आत मंचावर सुहैला उभी होती. चाळिशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, हिरवा कफ्तान, कमरेला सोन्याचा पट्टा. माझ्याकडे न बघताच तिने माइकमध्ये फुंकर मारली आणि डचमध्ये म्हणाली, "माझा आवाज पुढे ठेव, दरबुका मागे, आणि घाबरू नकोस." दरबुका म्हणजे पेल्याच्या आकाराचा, एका तोंडाचा त्यांचा ढोल.

न कळणाऱ्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगते. गाणाऱ्याचा आणि प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळ्या वायरने माझ्यापुढच्या मिक्सरवर येतो. तिथे प्रत्येकासाठी एक सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. कुणाला किती वर ठेवायचं, कुणाला किती खाली, हे ठरवत बसायचं. चांगलं काम झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तर सगळा हॉल मागे वळून बघतो. आणि सगळ्यात मोठी भीती माइकच्या शिट्टीची. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की कानाचे पडदे फाडणारी कुई सुरू होते. ती ऐकू आली की विचार करायचा नाही, हात आपोआप फेडर खाली ओढतो. पुण्यात मला तशीच सवय लागली होती.

सुहैलाने पहिलं गाणं धरलं. काय आवाज होता तो. वरच्या पट्टीत सुद्धा न चिरकणारा, भरीव. आणि तिसऱ्या ओळीला हॉलच्या चारी कोपऱ्यांतून अशी काही कर्कश शिट्टी उठली की माझा हात विजेसारखा चालला. माइकचा फेडर मी तळाला नेला. शिट्टी थांबेना. मी सगळेच फेडर खाली ओढले. तरी थांबेना. वर मान करून बघते तर शंभरएक बायका तोंडापुढे हात धरून, जीभ इकडून तिकडे फडफडवत, आनंदाने किंचाळत होत्या. त्यांच्या भाषेत त्याला झगरीत म्हणतात. आनंद झाला की तोंडातून निघतो तो सूर, आणि त्या गायिकेला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद होती. त्याच क्षणी मी तिचा आवाज बंद करून ठेवला होता.

सुहैलाने बंद माइककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माइक खाली ठेवला आणि पूर्ण कडवं तसंच, उघड्या गळ्याने म्हटलं. मग हसत माझ्याजवळ आली.

"तुझ्या देशात बायका खूश झाल्या की काय करतात?"

"उखाणा घेतात," मी म्हणाले. डचमध्ये उखाण्याला शब्द नाही, त्यामुळे ते समजावण्यात दुसरं गाणं लांबलं. तेवढ्यात बातमी हॉलभर पसरली आणि बायका रांगेने येऊन माझ्या कानाशी झगरीत करून जाऊ लागल्या, मला ओळख पटावी म्हणून. त्या दिवसापासून माझं नाव हिंदिया पडलं, म्हणजे भारतातली बाई. पुढची काही वर्षं शनिवार-रविवार मी सुहैलाच्या माइकमागे होते.

सुहैला मूळची उज्दाची, मोरोक्कोच्या टोकाच्या गावची. लहानपणी आत्याच्या ताफ्यात मागे उभी राहून लग्नांत गायची. मग इद्रिसशी लग्न होऊन रॉटरडॅमला आली. तो शहरात बस चालवायचा. ती सोमवार ते शुक्रवार वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, आणि शनिवारी तिच्यासाठी उट्रेख्तपासून द हेगपर्यंत बायका एकमेकींशी तारखांवरून भांडायच्या. इजिप्तची, लेबननची गाजलेली गाणी ती म्हणायचीच, पण बायका हटून बसायच्या त्या तिच्या स्वतःच्या गाण्यांसाठी. त्यात सगळ्यात लाडकं किटलीचं गाणं. नवी सून सासरच्या स्वयंपाकघरातल्या किटलीला विचारते, तू सगळ्यांवर अशी शिट्टी मारतेस की फक्त माझ्यावर? ते सुरू झालं की नाचणाऱ्या बायकाही उभ्या राहून ऐकायच्या, आणि मधल्या कडव्याला तर वाढपी बायकाही ट्रे घेऊन जागच्या जागी थांबायच्या. मला शब्द कळत नव्हते, पण कडवं कुठलं ते पाठ झालं होतं.

गंमत अशी, की देशभरातल्या हजारो बायकांना पाठ असलेली ही गाणी एकाही पुरुषाने धड ऐकलेली नव्हती. कॅमेरे-मोबाईल टोपलीत, त्यामुळे रेकॉर्डिंग कुठेच नाही. खुद्द इद्रिसनेही ती पूर्ण ऐकली नव्हती. घरी ती मोठ्याने गायची नाही, कारण खालचा डच शेजारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. समारंभाला इद्रिस आमची व्हॅन चालवायचा आणि बाहेर पार्किंगमध्ये बसून राहायचा. अविनाश पहिल्या खेपेला माझ्या काळजीने सोबत आला. नंतर इद्रिसच्या थर्मासमधल्या पुदिन्याच्या चहासाठी यायला लागला. दोघे व्हॅनमध्ये बसून भिंतीतून येणारा धबधब ठेका ऐकायचे. कुणी हवा खायला बाजूचं दार उघडलं की गाण्याच्या एक-दोन ओळी बाहेर यायच्या, दार लागलं की पुन्हा धबधब.

"त्याला सगळी गाणी तुकड्यांत येतात," अविनाश मला सांगायचा. "सुरुवात माहिती आहे, शेवट माहिती आहे. मधे सगळं लोडिंग."

आणि एक नवल तो दर वेळी सांगायचा. बाहेर इतर ड्रायव्हरही असायचे, पण बायका घरी निघताना मिठाईची भरगच्च ताटली फक्त इद्रिसला आणून द्यायच्या. वर तोंडाला पदर लावावा तशा हसायच्या. इद्रिसला वाटायचं, गाडी नीट लावतो म्हणून असेल. बदामाच्या त्या करंज्यांनी अविनाशचं वजन वाढलं ते अजून उतरलेलं नाही.

सगळं असं मजेत चाललं असताना एका शनिवारी सुहैला आली ती गप्प. सामान लावून झालं तरी माइक न तपासता मंचाच्या कडेला बसून राहिली. शेवटी म्हणाली, "ब्रसेल्सची एक पोरगी माझं किटलीचं गाणं गाते. मोठ्या हॉलात, बाया-बाप्यांपुढे. आणि सांगते की तिने केलंय. ईदला तिची सीडी येणार आहे."

"मग तू सांग ना, तुझं आहे म्हणून."

"कुणाला सांगू? ऐकवू काय?"

सगळं आयुष्य गायलेली बाई, आणि दाखवायला एक मिनिटाचा आवाज नाही. तिला मनातून केवढं लागलं होतं ते तिच्या हातांवरून कळत होतं; सोन्याचा पट्टा तिला लावता येईना.

रॉटरडॅममध्ये अरबी गाण्यांच्या सीडी काढणारा एक दुकानदार होता. तो म्हणाला, रमजान सुरू व्हायच्या आत चार गाणी द्या, ब्रसेल्सवालीच्या आधी दुकानात लावतो. रमजानला थोडेच आठवडे होते, आणि रमजानमध्ये लग्नं नसतात. मी छाती पुढे काढून म्हणाले, रेकॉर्डिंग माझ्यावर सोपवा. हेंकने ओळखीच्या स्टुडिओत आम्हाला जागा मिळवून दिली. उत्तम माइक, काचेची खोली, शांतता. सुहैलाने हेडफोन लावले, डोळे मिटले आणि गाडी अमुक फलाटावर येत आहे असं सांगणारी बाई बोलते तशी गायली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दिवे कमी केले. दोन मावशांना आत नेऊन बसवलं, तर त्या स्टुडिओच्या धाकाने कुजबुजायला लागल्या.

"समोर कुणी नाही," सुहैला म्हणाली. "मी कुणाला सांगू हे गाणं?"

खरं होतं ते. तिचं गाणं अर्धं तिच्या गळ्यात आणि अर्धं समोरच्या बायकांत होतं. मग एकच मार्ग उरला: मेंदीच्या समारंभातच रेकॉर्ड करायचं. फक्त आवाज, फोटो नाही. आवाजात कुणाचे केस दिसत नाहीत, असं मी यजमानणींना पटवायला गेले. पहिलीने नाही म्हटलं. दुसरी म्हणाली, "केसांचं सोड गं. आम्ही आत सासूविषयी काय बोलतो, ते तुझ्या यंत्रात आलं तर?" तिसरी म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मी गंभीर बाई वाटते. ते तसंच राहू दे."

रमजानआधीचा शेवटचा समारंभ द हेगला होता, लल्ला झोहरांच्या नातीचा. लल्ला म्हणजे आपल्याकडे आदराने बाई म्हणतो तसं. झोहराबाई सत्तरीच्या, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या आणि दरारा असा की हॉलचा मॅनेजर फोनवरही उभा राहून बोलायचा. सुहैलाने त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ब्रसेल्सच्या पोरीविषयी अरबीत काहीतरी म्हटलं, ते सुहैलाने मला भाषांतर करून दिलं नाही. मग अट घातली: "मी हिंदियाशेजारी बसणार, कानाला ते लावून. आणि नंतर जे काढ म्हणेन ते काढायचं. शब्द द्या." आम्ही दोघींनी त्यांचा हात धरून शब्द दिला.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट. जुन्या टेपवर आवाज थोडा जास्त झाला तर टेप सांभाळून घ्यायची, उलट गोडच लागायचा. डिजिटल यंत्र सांभाळून घेत नाही. मर्यादेच्या वर गेलात की फाटलेला आवाज, आणि तो पुढे कशानेही दुरुस्त होत नाही. म्हणून वर थोडी जागा मोकळी सोडून रेकॉर्ड करायचं असतं. मी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सोडली. त्या हॉलात काय उठू शकतं हे मला कानाशी झगरीत ऐकवून शिकवलेलं होतं. बायकांच्या टाळ्या यायला हव्यात म्हणून दोन माइक हॉलकडे तोंड करून ठेवले. त्यातला एक माझ्या टेबलाशी.

झोहराबाई रुमालावर हेडफोन चढवून बसल्या. पहिल्या गाण्यापर्यंत पोलिसासारख्या ताठ. दुसऱ्याला मान हलायला लागली. नंतर कळलं, त्यांना ऐकू कमी येत होतं आणि कित्येक वर्षांत सुहैलाचे शब्द त्यांच्यापर्यंत स्पष्ट पोचलेच नव्हते. किटलीचं गाणं सुरू झालं. हॉल उभा राहिला. सुहैला मधल्या कडव्याशी आली, आवाज अगदी खाली नेला आणि मग एका दमात वर उचलला. आणि माझ्या शेजारी, टेबलावरच्या माइकपासून हातभर अंतरावर, झोहराबाईंनी उभं राहून अशी झगरीत दिली की यंत्राचे दिवे एकदम चढले. माझा हात सवयीने फेडरवर गेला. तिथेच थांबवला मी तो. सगळ्यात वरचा लाल दिवा लागला नाही. सोडलेली जागा पुरली, अगदी काठोकाठ पुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुहैला आणि मी झोहराबाईंच्या घरी गेलो. चहा झाला, घडीच्या पोळीसारखी त्यांची मऊ पोळी मधात बुडवून झाली, आणि त्यांनी हेडफोन मागितले. दोन गाण्यांच्या मधे कुणीतरी सासूला काहीतरी म्हटलं होतं, ते काढायला लावलं. कुणी हसताना घोरल्यासारखं हसलं होतं, ते काढायला लावलं. हे सोपं होतं, गाण्याबाहेरचं होतं. मग किटलीचं गाणं आलं. मधलं कडवं आलं. त्यांनी डोळे उघडले.

"ही मी?"

"हो."

"काढ. माझा आवाज परक्या पुरुषांच्या दुकानात वाजायला नको. हाज काय म्हणेल?" हाज म्हणजे त्यांचे यजमान, मक्केला जाऊन आलेले.

मी समजावून सांगितलं, की तुमची झगरीत आणि तिचं कडवं एकमेकांत मिसळलंय. चहात दूध पडल्यावर ते जसं काढता येत नाही, तसं. ती काढायची तर कडवं जाईल, आणि मधलं कडवं गेलं तर गाणंच जाईल. मी सुहैलाकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, पण ती सरळ म्हणाली, "शब्द दिलाय. काढ, हिंदिया." मला रडू येईल असं वाटलं. मी बॅगेत वायर भरायला लागले, नुसतं हाताला काम म्हणून.

तेवढ्यात बाल्कनीतून हाज आत आले, हातात चहासाठी खुडलेला पुदिना. साधा, शांत माणूस. सगळी उमर टोमॅटोच्या काचघरांत काम केलेला. झोहराबाईंनी मला खूण केली: त्यांना ऐकव. होऊन जाऊ दे काय ते. मी छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. हाज पुदिना हातात धरून उभेच राहिले.

"छान गाते," ते म्हणाले. मधलं कडवं आलं. झगरीत झाली. हाजच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "वा. आणि ही खदीजा ना? तुझी बहीण. असा दम तिलाच."

झोहराबाईंची मान ताठ झाली. खदीजाशी झोहराबाईंचा अबोला होता, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण मलाही त्या क्षणी कळलं. सुहैला चहाच्या पेल्यात बघत राहिली.

"खदीजा," झोहराबाई सावकाश म्हणाल्या.

"नाही?" हाजनी विचारलं. "मग कोण?"

त्यांनी हाजना उत्तर दिलंच नाही. माझ्याकडे वळल्या. "राहू दे ते, मुली. एक श्वासही काढू नकोस. आणि सीडीवर छाप. मोठ्या अक्षरांत छाप: झगरीत, लल्ला झोहरा."

रेकॉर्डिंगच्या धंद्यात मी पुष्कळ नावं छापलेली पाहिली; कोरस, टाळ, संयोजन. झगरीतचं नाव एवढं एकदाच. सीडीवर सुहैलाचा फोटो नव्हता, मेंदी काढलेला एक हात होता. मागे गाण्यांची नावं, शब्द आणि चाल सुहैलाची, आणि खाली ठसठशीत झोहराबाई. हेंकचं नाव मी आभारांत घातलं, तर त्याने ती सीडी गोदामात भिंतीला लावली आणि मला न विचारता दुसरं बिस्किट दिलं. ब्रसेल्सवालीने ते गाणं सोडलं. सोडणारच, कारण आता ते सुहैलाच्या नावाने, त्या झगरीतसकट, दुकानात आलं होतं; ज्या हजारो जणींना ते पाठ होतं, त्यांच्यापुढे ती काय गाणार? आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी ते चार मिनिटं वाजवलं. एक काकू म्हणाल्या, "शब्द कळले नाहीत, पण त्या मधे कोण गं ओरडली, बरी ओरडली."

एक खंत मात्र आहे ती आहेच. त्या एका संध्याकाळखेरीज सुहैलाचं मी काहीही रेकॉर्ड केलेलं नाही. तिच्या गळ्यातून त्याहून सुंदर कितीतरी गेलं, माझ्या बोटांखालून गेलं, आणि हवेत विरलं. नियम नियम होता. पण आता परत पुण्यात आल्यावर कधी दुपारी एकटी असले की वाटतं, एक संध्याकाळ अजून हवी होती.

सीडी दुकानात आली त्या दिवशी इद्रिसने व्हॅन आणली. दुपार होती, झिरमिर पाऊस. दुकानातून पहिली सीडी घेऊन आम्ही चौघं गाडीत बसलो. पुढे इद्रिस आणि सुहैला, मागे मी आणि अविनाश. इद्रिसने गाडी सुरू केली आणि सीडी आत सरकवली. पहिली ओळ आली तसा तो स्टिअरिंगवर ठेका धरायला लागला, कारण ठेका त्याला पाठ होता. सुरुवातीचे शब्दही त्याने पुटपुटले. मग मधलं कडवं आलं, ज्या कडव्याला हॉलमधून कुणीही बाहेर पडत नसे, आणि म्हणून ज्याच्यासाठी ते बाजूचं दार कधीही उघडलं नव्हतं. त्याची बोटं थांबली. त्याने किल्ली अर्धी फिरवून इंजिन तेवढं बंद केलं, गाणं चालू ठेवलं.

कडव्यात काय होतं ते मलाही त्याच दिवशी कळलं. सुहैलाने मागे वळून हलकेच सांगितलं. सासू ओरडते, किटली शिट्टी मारते, नवी सून घाबरून उभी आहे, तिला गॅस बंद करता येत नाही. आणि तेवढ्यात एक लाजरा मुलगा काही न बोलता मागून येतो, हात लांब करून गॅस बंद करतो, आणि तसाच निघून जातो.

झोहराबाईंची झगरीत व्हॅनमध्ये घुमली. इद्रिस काचेवरच्या पावसाकडे बघत होता.

"म्हणजे मधे मी होतो," तो म्हणाला.

"होतास," सुहैला म्हणाली.

"सगळ्या बायकांना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

इद्रिसने सीडीचं रिकामं कव्हर हातात उलटंपालटं केलं. मग म्हणाला, "म्हणून त्या करंज्या." अविनाशने माझ्याकडे बघितलं आणि पोटावरून हात फिरवला.

"पुन्हा लाव," इद्रिस म्हणाला. सुहैलाने लावलं. आणि शेकडो बायकांपुढे कधी न बावरलेली ती बाई, मधलं कडवं जवळ यायला लागलं तशी लाजली आणि तिने हळूच आवाज कमी केला. मी मागच्या सीटवरून हात लांब केला आणि तो पुन्हा वाढवला.